चौथी रेघ

श्रावण सरत आला की आमच्या घरी माळ्यावरची फळी खाली काढतात. फळी जड आहे. पूर्वी मी आणि हे मिळून काढायचो. आता माझी मुलगी सुलू आणि तिचा नवरा काढतात आणि मी खाली उभी राहून ओरडते. याच फळीवर आमचा गणपती बसतो. वर पांढरं कापड अंथरलं की कोणाला काही दिसत नाही. पण कापड घालण्याआधी फळी पुसावी लागते, आणि ते काम मी अजून दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही.

फळीवर तीन खाचा आहेत. एक सरळ, एक डावीकडे तिरकी जाणारी, एक उजवीकडे. कोंबडीचा पाय उमटावा तशा. प्रत्येक खाचेच्या बाजूला एक तांबडी रेघ आहे, गेरूची. खाचा तीन, पण रेघा चार.

यंदा सुलू म्हणाली, "आई, ही फळी आता टाकूया का गं? घडीचं टेबल मिळतं. पुसलं, मिटलं, ठेवलं. एवढं जड धूड कशाला चढवायचं-उतरवायचं?"

"मी मेल्यावर टाक."

"तुझ्याशी ना, काही बोलायची सोयच नाही."

खरं आहे. लहानपणापासून अशीच आहे मी. बोलायचं तिथे तोडून बोलते. फक्त एकदा बोलायचं होतं तेव्हा बोलले नाही.

ओलं फडकं फिरवलं की या फळीला अजून वास येतो. चाळीस वर्षं होत आली, तरी येतो. सागाचा, सरसाचा, आणि त्याच्याखाली काहीतरी जळकट. पातं लाकडात अडलं की लाकूड करपतं, त्याचा तो वास. सुलूला येत नाही. ती म्हणते, तुझ्या नाकातच आहे तो. असेल.

ती फळी म्हणजे एका करवतीचं टेबल होतं. अंधेरीला मरोळ गावठाणाच्या मागे पास्कलशेटची पत्र्याची शेड होती. पास्कल तिथलाच, गावठाणातला ख्रिस्ती माणूस. बाप शेती करायचा, हा लाकडात शिरला. गोरेगावच्या स्टुडिओला खोट्या खिडक्या आणि दारं करून द्यायचा, घरांना फोटोफ्रेमा, चर्चला वेदीच्या चौकटी, आणि गणपतीच्या दिवसांत मखरं. श्रावणात सगळंच एकदम यायचं. इकडे गणपती, तिकडे बांद्र्याला मोतमाउलीची जत्रा. पास्कल म्हणायचा, "तुमचा देव नि आमची माउली, दोघांना माझ्याकडूनच लाकूड पाहिजे, आणि दोघांना एकाच आठवड्यात."

गिरण्यांचा संप होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. हे साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही. आधी मी पास्कलकडे फ्रेमांना काचपेपर मारायला लागले, मग यांनाही तिथे लावलं. बायकोच्या ओळखीने नोकरी मिळाली म्हणून पहिले चार दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाकरी उचलली, आणि ते संपलं.

यांची बोटं फार चांगली होती. नवऱ्याची स्तुती करायची मला सवय नाही, पण बोटं खरंच चांगली होती. मागावर धागा तुटला की तो जोडायचा असतो. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत टोकं धरायची, अंगठा फिरवायचा, गाठ तयार. बघणाऱ्याला कळायचंही नाही. गाठ एवढी बारीक की कापडावरून हात फिरवला तरी लागत नसे. लाकडाच्या कामाने बोटं राठ होतील म्हणून हे रोज संध्याकाळी खोबरेल चोळत बसायचे.

"कोणासाठी एवढी नटवता?" मी विचारायची.

"गिरणी उघडली की लागतील गो. राठ बोटात सूत अडकता."

गिरणी उघडेल असं मला कधीच वाटलं नाही. पण तेल मी संपू दिलं नाही.

ती करवत पास्कलने एका मोडीत निघालेल्या स्टुडिओतून आणली होती. परदेशी होती. नाव लांबलचक इंग्रजी. आम्ही तिला हातवाली म्हणायचो. मागे लोखंडी खांब, खांबातून पुढे आलेला लोखंडी हात, आणि हाताखाली मोटर आणि गोल पातं लटकलेलं. लाकूड टेबलावर मागच्या पट्टीला टेकवून डाव्या हाताने दाबून धरायचं आणि उजव्या हाताने करवत पुढे ओढायची. सरळ काप. तिरका हवा असेल तर लाकूड हलवायचं नाही, तो वरचा लोखंडी हातच खांबाभोवती डावीकडे नाहीतर उजवीकडे वळवायचा.

शाळेत मी चौथीपर्यंत गेले. कोन वगैरे पाचवीत असावेत, तोवर मी गुरांमागे होते. पण चौकटीचा कोपरा कसा बसतो ते पास्कलच्या शेडमध्ये शिकले. दोन पट्ट्या, दोन्हींची टोकं सारखी तिरकी कापलेली, एकमेकींना लावली की काटकोन. आमची परीक्षा सोपी होती. कोपऱ्यावर नख ठेवायचं. नख शिरलं तर माल परत. त्या ओल्या हवेत लाकूड फुगायचं आणि सकाळी बसलेला कोपरा दुपारी तोंड उघडायचा. मी आणि शेवंती, आम्ही दोघी काचपेपरवाल्या, दिवसभर कोपऱ्यांना नख लावत बसायचो.

शेवंती गुहागरकडची, तोंडाची फटकळ. करवत पहिल्यांदा चालू झाली तेव्हा म्हणाली, "शेट, ही बाई सासूसारखी अंगावर येते की!"

पास्कल हसला, पण मग यांना बाजूला घेऊन नीट समजावलं. माझ्यासमोरच. "सावंत, शेवंती चेष्टेत बोलली पण खरं बोलली. दुसरी करवत तू ढकलतोस. ही ढकलावी लागत नाही, ही स्वतः येते. पातं असं फिरतं की ती लाकूड चावत तुझ्याच अंगावर चालत येते. तू तिला ओढायचं नाही, अडवायचं. हात ताठ. समजलं?"

"समजलं."

"आणि हात कुठे आहे ते तिला माहीत नसतं. तुला माहीत पाहिजे."

म्हणून त्याने टेबलावर खडूने एक रेघ मारली, खाचेपासून वीतभर डावीकडे. डावा हात या रेघेच्या डावीकडे. कायम. आषाढभर यांनी सरळ काप कापले. खडू रोज भुशात पुसला जायचा आणि रोज पुन्हा मारायचा. हे रेघ बघायचे, हात ठेवायचे, मग करवतीची मूठ धरायचे. रेघ, हात, मूठ. देवळात शिरताना पायरीला हात लावतात तशी सवय झाली.

मग श्रावण आला आणि मखरांचं काम लागलं.

सोमवार होता. माझा उपास. पास्कलला बांद्र्याला जायचं होतं, तिथे वेदीच्या चौकटी लावायच्या होत्या, दोन-तीन दिवसांचं काम. जायच्या घाईत तो मला म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे गेरू असेल ना घरी? सरसात कालवा आणि टेबलावर पक्क्या रेघा मारा. तीन. एक सरळ कापाची, एक डावीकडच्या कापाची, एक उजवीकडच्या. मी खडूने खुणा केल्यात, त्यावरूनच ओढा. डावीकडे वळवली की पातं वीतभर डावीकडे सरकतं. तेव्हा जुनी रेघ चालत नाही, हात बदलायचा. उजव्याने लाकूड, डाव्याने करवत. सावंतला सांगितलंय मी, पण रेघ समोर पाहिजे."

गेरू होता. कोकणातून आणलेला, तुळशीवृंदावनाला लावायचा. मी सरसात कालवला. आधी करवतीला हळदकुंकू लावलं, कारण सोमवार, आणि देवाच्याच कामाला ती लागणार होती. मग खुणांवर पट्टी ठेवली आणि सरळ कापाची रेघ ओढली. छान आली.

आणि माझा हात थांबला. तीन. आमच्यात तीन चालत नाही. ताटात तीन भाकऱ्या वाढत नाहीत. कोणाला तीन वस्तू देत नाहीत, एक कमी करतात नाहीतर एक वाढवतात. देवाचं काम, उपासाचा दिवस, नुकतंच हळदकुंकू लावलेलं यंत्र, आणि त्याच्यासमोर तीन रेघा? माझं मन घेईना. एक आहे ती पुरे, असं मी ठरवलं. आषाढभर एकच होती, काय झालं? बाकीच्या दोन खडूच्या खुणा फडक्याने पुसून टाकल्या.

चौथी मारायची अक्कल आली नाही. एवढंच. एक वाढवायची, ही रीतही मला माहीत होती, रोजच्या ताटात मी ती पाळत होते. पण त्या दिवशी सुचलं ते कमी करायचं.

कोणाला काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. शेवंतीने रेघ बघितली आणि म्हणाली, "ही कसली गो लक्ष्मणरेषा? रावण कोण?"

"रावण काय तो वर फिरता गरगर," हे म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

सोमवारी आणि मंगळवारी हे सगळ्या पट्ट्यांची उजवीकडची टोकं कापत होते. करवत उजवीकडे वळवलेली, म्हणजे पातं डाव्या हातापासून आणखी लांब. रेघ, हात, मूठ. पट्ट्यांचा ढीग माझ्याशेजारी वाढत होता. पत्र्यावर पाऊस. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना हात लावला की गरम लागायची, चुलीवरून उतरवलेल्या भाकरीसारखी. ते दोन दिवस चांगले होते. मी खोटं कशाला सांगू? यांना त्या यंत्राचा लळा लागत होता. मागाचा आवाज तीन वर्षांनी कानात परत आल्यासारखं वाटतं, असं म्हणाले होते.

बुधवारी दुसरी टोकं. करवत डावीकडे वळवली. लोखंडी हात जागी धरणारा खटका टक् करून बसला, मी ऐकला. हात बदलायचा आहे हे यांना ठाऊक होतं. पहिल्या दोन-चार पट्ट्या तशाच कापल्या, उजव्याने धरून, डाव्याने ओढून. डाव्या हाताला जमेना. काप अडखळायचा, कोपऱ्यात नख शिरलं असतं. मग कधीतरी सवयीचा हात परत आला. टेबलावर समोर रेघ होती. हात रेघेच्या डावीकडे ठेवला. मूठ ओढली. लाकूड ओलं, फुगलेलं. करवतीने ते एकदम चावलं आणि स्वतः पुढे आली.

मी काचपेपर मारत होते. आवाज बदलला म्हणून मान वर केली. करवत लाकडात शिरली की आवाज खाली येतो आणि बाहेर पडली की पुन्हा वर चढतो. या वेळी तो चढला नाही. शेवंतीने धावत जाऊन बटण दाबलं. मी माझं लुगडं फाडलं. त्याच्यापुढचं लिहायची गरज नाही.

डाव्या हाताची पहिली दोन बोटं गेली.

दवाखान्यात संध्याकाळी हे शुद्धीत होते. पांढरे पडलेले. छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मी रेघ बघितली होती गो. हात रेघेच्या डावीकडेच होता." तक्रार नव्हती. हिशेब न जुळलेल्या माणसासारखं म्हणाले. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

थोड्या वेळाने पास्कल आला. बांद्र्याहून तसाच, शर्टावर भुसा. आधी शेडमध्ये जाऊन टेबल बघून आला होता. खाटेजवळ उभा राहिला, यांच्या पायाला हात लावला, आणि माझ्याकडे वळला. "वहिनी, मी तीन रेघा सांगितल्या होत्या. खुणा करून दिल्या होत्या. तिथे एकच आहे."

मी तोंड उघडलं. मला आठवतं, उघडलं होतं.

"मीच म्हटलं हिला," हे खाटेवरून म्हणाले. "एकच पुरे, तीनमध्ये माझा गोंधळ होईल म्हटलं. माझी चूक, शेट."

पास्कलने कपाळाला हात लावला. "अरे बाबा. अरे सावंत."

आणि मी गप्प राहिले. तेव्हा मनाला सांगितलं की आता माणूस दुखण्यात आहे, मग बोलू. मग गणपती आले. चतुर्थीला हे उठून बसले, आरतीला उभे राहिले. टाळ्या वाजवता येईनात, म्हणून उजव्या हाताने मांडीवर ठेका धरला. आरतीत कोण बोलतं? मग विसर्जन झालं. बोलायला दिवस मिळत नाही असं नाही. दिवस रोज असतो.

एका दुपारी मी नळावरून आले तर हे भिंतीला टेकून बसले होते. समोर हारांच्या दोऱ्याचं रीळ. दोरा तोडलेला, आणि दोन टोकं अंगठा आणि अनामिकेत धरून गाठ मारायची खटपट चाललेली. गाठ बसत नव्हती. सुटायची, पुन्हा धरायचे. मला बघून थांबले नाहीत. मी कळशी खाली ठेवली आणि तांदूळ निवडायला बसले. तासभर आम्ही दोघं तसेच बसलो होतो, ते दोऱ्यापाशी, मी सुपापाशी. मग त्यांनी दोरा गुंडाळला आणि रीळ कोनाड्यात ठेवलं. त्या दिवसापासून खोबरेलाची बाटली कोणी उघडली नाही.

पुढे काही गिरण्या थोड्याथोड्या चालू झाल्या. यांच्याबरोबरचे काही जण परत गेले. एकजण बोलवायला घरी आला होता. यांनी त्याला चहा पाजला आणि हात लुंगीखाली ठेवला.

मला लोक म्हणतील, चूक त्यांचीही होती. हात बदलायचा हे सांगितलं होतं. खरंय. मीही स्वतःला हे पुष्कळदा सांगून बघितलं. पण सांगितलेलं कानात राहतं आणि रेघ डोळ्यासमोर असते. माणूस डोळ्यासमोरचं धरतो. तिथे रेघ मुळीच नसती तर कदाचित थांबून विचार केला असता.

खंडेनवमीला शेड बंद असायची. हत्यारं धुवायची, पुसायची, झेंडूची फुलं घालायची, त्या दिवशी कोणी हत्यार चालवत नाही. पास्कल ख्रिस्ती, पण तोही दरवर्षी हजर असायचा. नारळ तोच फोडायचा. त्या वर्षी हे पहिल्यांदाच शेडमध्ये परत आले ते खंडेनवमीला. सगळे बाजूला झाले. हे सरळ करवतीजवळ गेले, तिला फूल घातलं, आणि मला म्हणाले, "गेरू आणलायस?"

मला आणायला सांगितलं नव्हतं. पण तुळशीसाठी पुडी पिशवीत होती. मी सरसात कालवून दिला.

यांनी डाव्या हाताने पट्टी धरायचा प्रयत्न केला, उजव्याने कुंचला. जमेना. पास्कलने पट्टी धरली. यांनी माझी जुनी रेघ तशीच ठेवली, तिच्यावरूनच कुंचला फिरवला. मग करवत डावीकडे वळवून, बंद यंत्रावरच पातं पुढपर्यंत ओढून बघितलं आणि त्याची रेघ मारली. मग उजवीकडची. आणि मारताना बोलत होते, पुढे जो कोणी तिथे काम करेल त्याला सांगितल्यासारखं. "खटक्याचा आवाज ऐकायचा. टक् झाला नाही तर कापायचं नाही. करवत आधी बंद ठेवून एकदा ओढून बघायची, पातं कुठून जाता ता बघायचं. डावीकडे वळवली की हात बदलायचा, कितीही वाकडा काप येवंदे. तोकडा तुकडा हाताने धरायचा नाही. काप झाला की करवत मागे नेऊन लावायची, मगच लाकूड उचलायचं."

पुढे दहाएक वर्षं हे तिथेच होते. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हेच शिकवलं. त्या टेबलावर परत कोणाचा हात गेला नाही.

तर तीन रेघा झाल्या. पास्कल पट्टी उचलायला लागला. हे म्हणाले, "थांबा शेट, अजून एक." आणि टेबलाच्या अगदी उजव्या कडेला, जिथे पातं कधी पोचत नाही, तिथे चौथी मारली. बाकीच्यांसारखीच नीट, पूर्ण लांबीची.

"ही कशाला रे?" पास्कल म्हणाला. "इथे काय कापणार?"

"असू दे," हे म्हणाले. "तीन आमच्यात चालत नाही."

माझ्याकडे बघितलं नाही. कुंचला वाटीत ठेवला आणि हात पुसायला नळाकडे गेले.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवंतीलाही नाही. पण भाकऱ्या मी त्यांच्याच ताटात वाढत होते, इतकी वर्षं. त्यांना दवाखान्यातच कळलं असेल. कदाचित पास्कल मला विचारत होता तेव्हाच.

शेड गेली, तिथे आता उंच इमारत आहे. पास्कल गेला. यंत्र मोडीत निघालं तेव्हा हे टेबलाची फळी मागून घरी घेऊन आले, गणपतीच्या खाली होईल म्हणून. मग हेही गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत आमच्यात तो विषय निघाला नाही. मी काढला नाही, त्यांनी काढला नाही.

परवा फळी पुसताना सुलू जवळ येऊन बसली. घडीच्या टेबलाचं डोक्यातून गेलं असावं. रेघांवर बोट ठेवून विचारायला लागली. सरळ कापाची सांगितली, डावीकडची, उजवीकडची. मग तिचं बोट कडेला गेलं.

"आणि ही? हिच्याजवळ तर खाचच नाही."

सांगितलं तिला. इथे लिहिलं तेवढंच, याच क्रमाने. ती ऐकून घेईपर्यंत फळी वाळली.

"बाबांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"का?"

"त्यांना माहीत होतं."

"तरी," सुलू म्हणाली.

मी कापड उलगडलं. "दुसरं टोक धर," तिला म्हटलं.